तक्त्यातली पहिली ओळ

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या रोमन कॅथलिक कुटुंबात वाढल्या आणि तान्ह्या असतानाच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा विवाह बॅप्टिस्ट मंडळीतल्या एका तरुणाशी ठरला आहे. त्या तरुणाने सतराव्या वर्षी, स्वतःच्या मुखाने विश्वास प्रकट करून, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. दोघांनी मिळून दोन्ही पंथांच्या शिकवणुकीचा तक्ता केला असून त्यात सत्तावीस ओळी झाल्या आहेत. दर रविवारी एक ओळ घ्यायची, पवित्र शास्त्र उघडायचे आणि कोणाचे खरे ते ठरवायचे, असा त्यांचा नेम आहे. “नेम मोडला नाही, पण एकही ओळ मिटली नाही. ओळ मरियेची असो की पोपमहोदयांची, शेवट अबोल्यातच होतो,” असे त्या लिहितात. त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. शास्त्राच्या अधिक जवळ कोणता पंथ आहे? भावी पतीच्या मंडळीचे सभासदत्व हवे असल्यास नव्याने बाप्तिस्मा घ्यावा लागेल असे तिथल्या पाळकांनी सांगितले आहे, तो घ्यावा का? आणि पंथांची तुलना करायचीच तर ती कशी करावी?

प्रिय भगिनी,

तुमचा तिसरा प्रश्न मी आधी घेतो, कारण पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातच अडकली आहेत. तक्ता फाडून टाकू नका. विवाहाआधी एकमेकांच्या श्रद्धेची इतक्या गांभीर्याने विचारपूस करणारी जोडपी मी फारशी पाहिलेली नाहीत. मला खटकते ती तुमची मांडणी. तुमच्या तक्त्यात पहिली ओळ मरियेची, दुसरी पोपची आणि तिसरी मृत्यूनंतरच्या शुद्धीकरणाची आहे. म्हणजे दोन वाटा जिथे एकमेकींपासून फार लांब गेल्या आहेत तिथे उभे राहून तुम्ही अंतर मोजत आहात, पण त्या फुटल्या कुठे याची नोंद सत्तावीस ओळींत कुठेही नाही. श्रद्धेच्या बाबतीत वाद उत्पन्न झाला तर शेवटचा निर्णय कोणाचा, या प्रश्नापाशी त्या फुटल्या. हा प्रश्न पहिल्या ओळीत लिहा आणि मग बाकीच्या ओळी पुन्हा वाचा.

कॅथलिक ख्रिस्तसभेचे उत्तर असे की देवाचे वचन पवित्र शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा या दोहोंतून आपल्यापर्यंत पोहोचते आणि त्याचा अधिकृत अर्थ सांगण्याचे काम पोप व त्यांच्याशी ऐक्यात असलेले बिशप यांच्याकडे सोपवलेले आहे. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हे पुन्हा स्पष्ट शब्दांत मांडले, आणि हा अधिकार वचनाच्या वर नसून वचनाचा सेवक आहे, असेही त्याच दस्तऐवजात लिहून ठेवले. बॅप्टिस्ट उत्तर असे की अंतिम प्रमाण शास्त्रच. विश्वासाची निवेदने लिहिली जातात, लंडनमधील बॅप्टिस्टांनी ती १६४४ मध्ये आणि १६८९ मध्ये प्रसिद्ध केली, पण ती शास्त्राशी जुळतात तेवढ्यापुरतीच मानायची, आणि प्रत्येक स्थानिक मंडळी थेट ख्रिस्तालाच उत्तरदायी असते. मंडळीवर मंडळी नाही आणि बिशपही नाही. त्यामुळे ‘बॅप्टिस्ट काय मानतात’ या प्रश्नाला ‘कोणत्या मंडळीतले’ असा प्रतिप्रश्न करावाच लागतो, आणि ही त्यांची अव्यवस्था नव्हे, ती त्यांची शिकवणूकच आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न पाहा. ‘शास्त्राच्या अधिक जवळ कोण’ असे विचारताना तुम्ही पहिल्या ओळीचे बॅप्टिस्ट उत्तर नकळत स्वीकारलेले असते. त्याउलट ‘ख्रिस्तसभेने आरंभापासून अखंडपणे काय शिकवले’ असा प्रश्न घेऊन बसलात, तर तुमचे भावी पती पहिल्या वाक्याआधीच हरलेले असतील. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत, पण निःपक्षपाती त्यांतला एकही नाही. म्हणूनच तुमच्या रविवारच्या बैठका त्याच त्या ठिकाणी अडतात. मृतांसाठी प्रार्थनेच्या ओळीवर तुम्ही मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा बारावा अध्याय काढला आणि ‘हे पुस्तक माझ्या बायबलमध्ये नाही’ असे उत्तर तुम्हाला मिळाले, असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत आणि त्यांच्या बायबलमध्ये ६६. ती सात पुस्तके प्रमाण की नाहीत, हे त्या पुस्तकांतून ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार कोणाला, यावरून ठरते. तुम्ही दोघे शुद्धीकरणावर भांडत होतात असे तुम्हाला वाटले, पण प्रत्यक्षात तुम्ही पहिल्या ओळीवरच भांडत होतात आणि ती ओळ तक्त्यात नव्हती.

या ओळीचे महत्त्व किती जुने आहे ते तिसऱ्या एका परंपरेकडे पाहिल्यास कळेल. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा ३२५ ते ७८७ या काळातल्या सात सार्वत्रिक परिषदा आणि उपासनेतून जिवंत राहिलेली परंपरा यांना प्रमाण मानते; रोमच्या बिशपांना ती मान देते, पण सर्वांवरचा अधिकार देत नाही. पवित्र आत्मा पित्यापासून निघतो, असे ३८१ च्या परिषदेचा विश्वासांगीकार (श्रद्धेचे सामायिक निवेदन) म्हणतो. पश्चिमेने त्यात ‘आणि पुत्रापासून’ एवढी भर घातली. पवित्र आत्म्याविषयीचा प्रश्न त्यात होताच, पण तितकाच मोठा प्रश्न असा होता की सर्वांनी मिळून ठरवलेल्या वाक्यात एकट्याने भर घालण्याचा हक्क कोणी कोणाला दिला? १०५४ मध्ये रोमचे प्रतिनिधी आणि कॉन्स्टँटिनोपलचे धर्मप्रमुख (पेट्रिआर्क) यांनी एकमेकांना बहिष्कृत केले, त्यामागच्या कारणांत ही भरही होती. ते बहिष्कार १९६५ मध्ये दोन्ही बाजूंनी मागे घेतले, तरी वेगळेपण तसेच राहिले, कारण पहिल्या ओळीचे उत्तर बदलले नव्हते.

दुसरी सूचना मला थोड्या संकोचाने करावी लागते. तक्त्यातला समोरच्याचा रकाना कोणी भरला? तुम्ही पाठवलेली प्रत मी दोनदा वाचली. कॅथलिक रकान्यात तुमच्या भावी पतींच्या हस्ताक्षरात ‘तारण स्वतःच्या कर्मांनी मिळते’ असे लिहिले आहे. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने १५४७ मध्ये नीतिमान ठरण्याविषयी जो निर्णय दिला त्याचा पहिलाच नियम असा आहे की कृपेवाचून, केवळ स्वतःच्या कर्मांनी मनुष्य देवापुढे नीतिमान ठरू शकतो असे म्हणणारा बहिष्कृत असो. म्हणजे जे मत कॅथलिकांचे म्हणून लिहिले, त्याचाच ख्रिस्तसभेने अधिकृत निषेध केलेला आहे. बॅप्टिस्ट रकान्यात तुमच्या हस्ताक्षरात ‘एकदा विश्वास ठेवला की पुढे कसेही वागले तरी चालते’ असे आहे. हे कोणत्याही बॅप्टिस्ट निवेदनात नाही. ज्या बॅप्टिस्टांचा असा विश्वास आहे की खरा विश्वासणारा शेवटपर्यंत टिकतो, ते ‘टिकतो’ याचा अर्थ पवित्र जीवनात टिकतो असाच करतात. आणि त्यांच्यातलीच दुसरी, कॅल्विन या सोळाव्या शतकातल्या सुधारकाला न मानणारी शाखा तर कृपेपासून ढळणे शक्य आहे असे मानत आली आहे. निष्कलंक गर्भसंभवाच्या ओळीत दोघांनीही ‘येशू कुमारिकेपासून जन्मला’ असे लिहिले आहे. १८५४ च्या त्या घोषणेचा येशूच्या जन्माशी नव्हे, तर मरियेच्या स्वतःच्या, तिच्या आईच्या उदरातल्या आरंभाशी संबंध आहे, की त्या क्षणापासूनच ती मूळ पापाच्या डागापासून मुक्त होती. वादाच्या ओळींपैकी तुमचे एकमत झालेली हीच एक ओळ मला आढळली, आणि नेमकी तीच दोघांची चुकली आहे.

तेव्हा नियम असा करा की तुमचा रकाना त्यांनी भरावा, त्यांचा तुम्ही, आणि ‘होय, आम्ही हेच मानतो, आणि मी स्वतः याहून बरे सांगू शकलो नसतो’ असे समोरच्याने म्हणेपर्यंत त्या ओळीवर वाद सुरूच करू नये. यासाठी प्रत्येक पंथाने स्वतःविषयी काय लिहिले आहे तेच वाचा. कॅथलिकांसाठी १९९२ ची धर्मशिकवण, ल्युथरनांसाठी १५३० चे ऑग्सबर्ग निवेदन, प्रेस्बिटेरियनांसाठी १६४६ चे वेस्टमिन्स्टर निवेदन, अँग्लिकनांसाठी त्यांचे एकोणचाळीस अनुच्छेद आणि प्रार्थनाग्रंथ. एका पंथाने दुसऱ्यावर लिहिलेल्या पुस्तिका मात्र बाजूला ठेवा, त्या कितीही सद्हेतूने दिल्या असल्या तरी.

शब्द तोच आणि अर्थ निराळा, ही अडचण तर याहूनही फसवी आहे. ‘नीतिमान ठरवणे’ हा शब्द दोन्ही रकान्यांत आहे. कॅथलिक शिकवणुकीत त्यात पापांची क्षमा आणि मनुष्याचे आतून होणारे नूतनीकरण या दोन्ही गोष्टी येतात. म्हणून तो एक मार्ग ठरतो, आणि कृपेने केलेली प्रेमाची कृत्ये त्या मार्गावर मोजली जातात. सुधारणावादी, म्हणजे प्रोटेस्टंट, शिकवणुकीत तो न्यायाधीशाचा निवाडा आहे, ख्रिस्तासाठी पापी मनुष्याला एकदाच ‘नीतिमान’ म्हटले जाते, आणि आतून होणाऱ्या बदलाला ‘पवित्रीकरण’ असे निराळे नाव आहे. जर्मन सुधारक ल्युथरने रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचे जर्मन भाषांतर करताना ‘केवळ’ हा शब्द स्वतः घातला आणि त्यावरून झालेल्या टीकेला ठणकावून उत्तरही दिले. याकोबाच्या पत्रात ‘केवळ विश्वासाने नाही’ असे शब्द आहेत. दोन्ही वाक्ये एकमेकांसमोर ठेवून भांडणे सोपे आहे, पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि ल्युथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या करून मान्य केले की या शिकवणुकीच्या मूलभूत सत्यांवर त्यांचे एकमत आहे आणि उरलेल्या फरकांमुळे जुने निषेध आज एकमेकांना लागू होत नाहीत. मेथडिस्ट २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्या २०१७ मध्ये त्यात सामील झाल्या. बॅप्टिस्ट या सह्यांमध्ये नाहीत, त्यामुळे ‘हा वाद संपला’ असे तुम्ही त्यांना सांगू नका. ज्या ओळीवर तुमचा अख्खा रविवार गेला तिच्यातला किती भाग मतभेदाचा आणि किती शब्दभेदाचा, हे मात्र दोघांनी शांतपणे तपासावे.

तुम्ही तक्त्याखाली बेरीज केली आहे, इतक्या ओळींवर सहमती आणि इतक्यांवर मतभेद. बेरजेने इथे काहीच कळत नाही. १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात ल्युथर आणि झुरिकचा सुधारक झ्विंगली समोरासमोर बसले. शेवटी पंधरा कलमे लिहिली गेली. चौदांवर एकमत झाले, पंधराव्याचाही मोठा भाग जमला, राहिले ते एवढेच की प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते का. ‘हे माझे शरीर आहे’ हे चार लॅटिन शब्द ल्युथरने मेजावर खडूने लिहून ठेवले आणि त्यांपासून तो हलला नाही. झ्विंगलीच्या मते ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवते’. त्या एका ओळीमुळे प्रोटेस्टंटांचे दोन घराण्यांत विभाजन झाले आणि ते शतकानुशतके टिकले.

याच ओळीवर थोडे थांबा, कारण तिथे ‘कॅथलिक’ आणि ‘प्रोटेस्टंट’ असे दोनच रकाने पुरत नाहीत. कॅथलिक शिकवणूक अशी की मिस्सामध्ये (कॅथलिक प्रभुभोजन-उपासनेत) भाकरीचे आणि द्राक्षारसाचे मूलतत्त्वच ख्रिस्ताच्या शरीरात व रक्तात पालटते, रूप, रंग आणि चव तेवढी तशीच राहते. १२१५ च्या लॅटरन परिषदेने त्यासाठी शब्द वापरला आणि ट्रेंटने तो पक्का केला. ऑर्थोडॉक्सांनाही हे परिवर्तन मान्य आहे, पण ते कसे घडते याची तात्त्विक फोड करण्यापेक्षा त्याला रहस्य म्हणून नमन करणे त्यांना अधिक उचित वाटते. ल्युथरनांच्या मते भाकर भाकरच राहते आणि तिच्यात, तिच्याबरोबर व तिच्याखाली ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते. कॅल्विनच्या मते ख्रिस्त स्वर्गात आहे, पण पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने विश्वासणारा त्याच्यावर खरोखर पोसला जातो. अँग्लिकन ख्रिस्तसभेत यांतली बहुतेक मते एकाच बाकावर बसलेली आढळतात. क्वेकर आणि मुक्तिफौज हा विधीच करत नाहीत. तुमच्या भावी पतींनी आपल्या रकान्यात ‘फक्त स्मरण’ असे लिहिले आहे. आजच्या बऱ्याच बॅप्टिस्टांचे तसे मत आहे हे खरे, पण १६८९ चे निवेदन त्यांनी एकदा वाचावे. त्यात विश्वासणारे शारीरिक रीतीने नव्हे, परंतु आत्मिक रीतीने खरोखर ख्रिस्ताला ग्रहण करतात, अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे त्यांच्याच पूर्वजांनी झ्विंगलीपेक्षा कॅल्विनची बाजू धरली होती.

उलट उदाहरणही आहे. ख्रिस्ताच्या एका व्यक्तीत दोन स्वभाव आहेत, असे ४५१ मध्ये खाल्किदोनच्या परिषदेने ठरवले. कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन आणि सिरियाक ख्रिस्तसभांना ते शब्द मान्य झाले नाहीत, आणि सुमारे दीड हजार वर्षे एकमेकांना पाखंडी म्हणण्यात गेली. विसाव्या शतकात त्यांतल्या काहींच्या आणि रोमच्या प्रमुखांनी एकत्र सह्या करून सांगितले की ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे हा विश्वास दोघांचा सारखाच आहे, शब्द निराळे होते. म्हणजे एखादी ओळ ठळक लाल शाईने लिहिलेली असूनही आतून पोकळ निघू शकते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच १९६४ मध्ये म्हटले आहे की कॅथलिक सत्यांमध्येही उतरंड आहे, कारण श्रद्धेच्या पायाशी प्रत्येक सत्याचे नाते सारखे नसते. तुमच्या तक्त्यात पोपच्या अचूकतेला आणि ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाला सारख्याच उंचीची ओळ दिली आहे. दोघेही रोज ज्या विश्वासावर जगता, ते त्रैक्य, तो देहधारी पुत्र, तो वधस्तंभ आणि ती उघडी कबर तक्त्यात शेवटच्या चार ओळींत कोंबलेली आहेत, शेजारी नुसती बरोबरची खूण करून.

आता बाप्तिस्मा. इथे मला सावकाश लिहावे लागेल, कारण हा तुमचा खरा प्रश्न आहे.

तुम्हाला अपमान झाल्यासारखे वाटले, असे तुम्ही लिहिता. ते समजण्यासारखे आहे, कारण देणेघेणे इथे सारखे नाही. पाण्याने आणि ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा’ या नावाने दिलेला बाप्तिस्मा, देणारा कोणत्याही पंथाचा असला तरी, तुमची ख्रिस्तसभा खरा मानते. म्हणून तुमचे भावी पती उद्या कॅथलिक झाले तरी त्यांना पुन्हा बाप्तिस्मा दिला जाणार नाही. त्यांची मंडळी मात्र तुमचा बाप्तिस्मा मानत नाही. ही उदारता आणि ते कोतेपण, असा निष्कर्ष लगेच काढू नका. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप स्टीफन यांच्यात, ख्रिस्तसभेबाहेर दिलेला बाप्तिस्मा मोजावा की नाही, यावर कडाक्याचा वाद झाला होता. पश्चिमेत स्टीफनची बाजू टिकली, आणि पुढे ऑगस्टिनने दोनातवाद्यांशी (अयोग्य धर्मगुरूने दिलेला संस्कार न मानणाऱ्या गटाशी) वाद करताना तिला पाया दिला की संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या योग्यतेवर तो अवलंबून नसतो. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ल्युथरन, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि मेथडिस्ट या सर्वांच्या मते बाप्तिस्म्यात आधी देव कृती करतो आणि मनुष्याचे उत्तर नंतर वाढत जाते. त्यामुळे बोलता न येणारे मूलही तो घेऊ शकते. बॅप्टिस्टांच्या मते आधी विश्वास, मग बाप्तिस्मा, कारण नव्या करारात ज्यांची नावे घेऊन बाप्तिस्मे सांगितले आहेत ते ऐकून विश्वास ठेवणारे होते. म्हणून ते ‘पुन्हा’ बाप्तिस्मा देत नाहीत. त्यांच्या हिशोबी तुमचा पहिला बाप्तिस्मा अजून व्हायचाच आहे. ‘पुनर्बाप्तिस्मावादी’ हे नाव विरोधकांनी त्यांच्या आधीच्या एका चळवळीला दिले, आणि त्या मतासाठी झुरिकमध्ये फेलिक्स मान्झ याला १५२७ मध्ये नदीत बुडवून मारण्यात आले. त्याला शिक्षा देणारे नगर प्रोटेस्टंट होते, हेही तुमच्या तक्त्याच्या दोन रकान्यांत मावत नाही.

इतिहास दोघांनाही पूर्ण साथ देत नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा ‘घरच्या सर्वांसह’ बाप्तिस्मा झाला असे आहे, पण त्या घरात तान्ही मुले होती की नाही ते सांगितलेले नाही. सुमारे इ.स. २०० मध्ये उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन मुलांचा बाप्तिस्मा लांबवावा असा सल्ला देतो. त्यावरून प्रथा तेव्हा होती हेही कळते आणि ती सर्वांना पटत नव्हती हेही. डिडाखे या अतिप्राचीन लेखात वाहते पाणी बरे, ते नसल्यास दुसरे, आणि पुरेसे पाणी नसल्यास डोक्यावर तीनदा ओतावे असे आहे. पहिल्या बॅप्टिस्टांनीही १६०९ मध्ये आम्स्टरडॅम येथे बाप्तिस्मा घेतला तो ओतून. बुडवण्याचा आग्रह १६४४ च्या निवेदनात स्पष्ट झाला. विसाव्या शतकात कार्ल बार्थ या रिफॉर्म्ड धर्मपंडिताने, स्वतःच्या मंडळीत शिशुबाप्तिस्मा चालू असताना, त्यावर कडक टीका केली. प्रामाणिक माणसे या ओळीच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि एका रविवारच्या दुपारी ती मिटेल अशी आशा धरू नका.

तर तुम्ही बाप्तिस्मा घ्यावा का? सासरी रुळावे, पतीला बरे वाटावे किंवा सभासदांच्या यादीत नाव यावे म्हणून घेणार असाल तर घेऊ नका, आणि याचे कारण मी कॅथलिक शिकवणुकीतून नव्हे तर बॅप्टिस्ट शिकवणुकीतूनच देतो. त्यांच्या मते तुमचा पहिला बाप्तिस्मा व्यर्थ ठरला तो तुमचा स्वतःचा विश्वास त्यात नव्हता म्हणून. मग दुसऱ्याच्या आग्रहाखातर, मनाची खात्री नसताना घेतलेला दुसरा बाप्तिस्माही त्याच कसोटीवर व्यर्थ ठरतो. आपल्या मंडळीची शिकवणूक मनापासून मानणारा बॅप्टिस्ट तुम्हाला असा आग्रह करूच शकत नाही. तुमच्या भावी पतींपुढे हे शब्दशः ठेवा. उलट, अभ्यासाने आणि प्रार्थनेने तुमची स्वतःची खात्री झाली की तान्हेपणीचा तो विधी बाप्तिस्मा नव्हताच, तर तो निर्णय वेगळा. पण मग हेही जाणून घ्या की कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे बाप्तिस्म्याची मुद्रा कधी पुसत नाही आणि तो दुसऱ्यांदा देता येत नाही, म्हणून दुसरा स्वीकारणे म्हणजे पहिला नाकारणे. ती नुसती भर नाही, ते एक घर सोडून जाणे आहे. मधला मार्ग हवा असेल तर पाळकांना विचारा की सभासदत्वाशिवाय उपासनेत आणि सहभागितेत तुम्हाला कितपत जागा आहे. काही बॅप्टिस्ट मंडळ्या शिशुबाप्तिस्मा झालेल्यांना विश्वासाच्या निवेदनावर सभासद करून घेतात, काही घेत नाहीत. हा निर्णय त्या त्या मंडळीचाच असतो, त्यामुळे एका पाळकाचे ‘नाही’ हे सर्व बॅप्टिस्टांचे ‘नाही’ नसते.

प्रभुभोजनाचे थोडक्यात सांगतो. तुमच्या मिस्सामध्ये त्यांना सामान्यतः कम्युनियन दिले जाणार नाही, आणि त्यांच्या मेजावरून घेण्याची मोकळीक कॅथलिक नियम तुम्हाला देत नाहीत, त्यांची मंडळी बोलवत असली तरी. हे दुखेल. आधी बोलून ठेवलेले बरे.

तुमच्या सत्तावीस ओळींत एक ओळ मात्र नाही, आणि विवाहानंतर तुम्हाला सर्वांत आधी तीच भेटणार आहे. ती मुलांची. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेप्रमाणे अशा विवाहासाठी बिशपांची परवानगी लागते, आणि ती मागताना सर्व मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक ख्रिस्तसभेत व्हावे यासाठी आपल्या परीने होईल ते सर्व करण्याचे वचन कॅथलिक व्यक्तीला द्यावे लागते. १९७० पूर्वी असे वचन दोघांकडून घेतले जाई. आता समोरच्याकडून वचन घेत नाहीत, पण तुम्ही ते दिले आहे हे त्यांना वेळेवर कळवणे बंधनकारक आहे. तुमच्या भावी पतींच्या मंडळीत मूल देवाला समर्पित करण्याचा विधी असतो आणि बाप्तिस्म्याचा निर्णय मुलावर सोडला जातो. अर्धा बाप्तिस्मा नावाची गोष्ट नाही, म्हणून इथे शब्दभेद वेगळा काढून काही साधणार नाही. तुमचे वचन पूर्ण प्रयत्नाचे आहे, परिणामाची हमी नाही, हे खरे. तरी ‘पुढचे पुढे पाहू’ असे मनात ठेवून ते देऊ नका. पुढचा रविवार मरियेला न देता या ओळीला द्या, आणि त्यानंतर दोघे मिळून आधी तुमच्या धर्मगुरूंना, मग त्यांच्या पाळकांना भेटा.

त्या भेटीला जाताना दोघांचेही बाप्तिस्म्याचे दाखले बरोबर न्या. तुमच्या धर्मगुरूंना तुमच्या भावी पतींच्या दाखल्यावर पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे नाव दोन्ही पाहावे लागेल, कारण बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती व्यक्तीशी विवाहाला परवानगी लागते आणि न झालेल्या व्यक्तीशी विवाहाला त्याहून वेगळी सवलत. कागद नीट असेल तर त्यांचा बाप्तिस्मा तुमच्या ख्रिस्तसभेच्या नोंदीत बाप्तिस्मा म्हणूनच लिहिला जाईल, आणि दोन बाप्तिस्मा झालेल्यांचा विवाह म्हणून तुमचा विवाह कॅथलिक दृष्टीने संस्कारही ठरेल, तुमचे पती विवाहाला संस्कार मानत नसले तरी.